पुढच्या जुलैत ये

चारुदत्तने झुडपांवर घातलेल्या जाळीची खालची कड उचलून दोन विटांवर टेकवली, गुडघ्यांवर बसला आणि पहिल्या झुडपात हात घातला. पिकलेली ब्लूबेरी ओढावी लागत नाही, अंगठा नुसता फिरवला की हातात येते. जी येत नाही ती उद्याची. देठाजवळ लालसर कडं दिसलं तर परवाची. अंगावर अजून कामावरचेच कपडे होते, पायात बूटही तसेच. प्लांटमध्ये वार्षिक दुरुस्तीचे दिवस चालू होते आणि सकाळपासून पाठ धरली होती. तरी घरात न शिरता तो आधी बागेत आला होता.

वाटी भरली तसा तो उठला आणि अंगणात खुर्चीवर बसलेल्या आईपुढे ती धरली.

"घे."

"ठेव तिथे. घेते मग."

"मग म्हणजे कधी?"

"अरे, दाढ ठणकतेय सकाळपासून. आंबट काही नको वाटतं."

"आंबट नाहीयेत गं. बघ तरी एक."

"बरं, ठेव ना."

त्याने वाटी स्टुलावर ठेवली. थोड्या वेळाने मैत्रेयी सायकल लावून मागच्या दाराने आली. त्याची ही चौदा वर्षांची पोर उंचीत स्वतःच्या आईला मागे टाकून बसली होती. मराठी तिला सगळं समजायचं, पण बोलायची वेळ आली की ती जर्मनमध्ये शिरायची. तिने उभ्याउभ्याच अर्धी वाटी तोंडात टाकली.

"आजी, नोख मेअर?" आणखी आहेत का, असं तिने बापाला सोडून आजीला विचारलं.

"आहेत की. थांब, देते काढून."

आई लगेच उठली, पदर खोचून जाळीखाली वाकली आणि भराभर तोडू लागली. दाढेचं दुखणं कुठच्या कुठे पळालं. चारुदत्त पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत हे बघत राहिला. दमलेल्या माणसाला पटकन राग येत नाही. त्याला नुसतं वाईट वाटलं.

आई मे महिन्यात मिरजेहून जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आली होती आणि येत्या रविवारी परत जाणार होती. जूनअखेर फळं पिकायला लागल्यापासून तिने एक दाणा जिभेवर ठेवला नव्हता. आधी खोकला होता. मग म्हणे, आत्ताच जेवलेय. मग, पोरीला होऊ देत. आता दाढ. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला हा प्रकार आहे हे त्याला कळत होतं, पण भांड्यात काय आहे ते कळत नव्हतं. बरं, झाडांवर तिचा राग असावा तर तसंही दिसत नव्हतं. सकाळी तो कामावर गेला की पिंपातलं पावसाचं पाणी झारीने घालायची ती तीच. जाळीत एकदा काळा पक्षी अडकला होता, त्याला हलक्या हाताने सोडवून तिनेच उडवलं होतं. त्याची बायको विभावरी तर म्हणायची की आईंना मी दिसले नाही तरी चालतं, झाडं दिसली पाहिजेत.

रविवारच्या आत आईने या झाडांची मूठभर फळं खावीत, एवढंच चारुदत्तला हवं होतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण त्याच्या मनात आईला दिलेला एक जुना शब्द होता आणि तो पुरा झाला असता.

घर घेतलं त्या वर्षी त्याने दोन झुडपं लावली आणि हौसेने नळाचं पाणी घातलं. इथल्या नळाला पाणी इतकं जड की किटलीत आठवड्यात पांढरी पुटं चढतात. ब्लूबेरीला आंबट माती लागते, चुना चालत नाही. दोन्ही झुडपं पिवळी पडून गेली. दिवसभर कारखान्यात पीएच सांभाळणाऱ्या माणसाने घरात हे करावं, यावरून विभावरीने त्याला वर्षभर पिडलं. मग त्याने ईर्ष्येने खोल खड्डे खणले, ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलझाडांसाठी मिळते ती आंबट माती पोती पोती आणली, वर पाइनच्या सालींचा थर दिला, छपराच्या पन्हळीखाली पिंप बसवलं आणि तीन नवी झुडपं लावली. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," विभावरी म्हणाली. तिचं काही खोटं नव्हतं. शनिवारी बाजारात याच फळांचे डबे रचून ठेवलेले असायचे.

तिसऱ्या वर्षी फळं आली तेव्हा त्याने मिरजेला व्हिडिओ लावला. एका चौकटीत आई आणि बाबा गालाला गाल लावून बसले होते. त्याने फोन झुडपात नेला, एक फांदी उचलून धरली, फळावरची पांढुरकी भुकटी बोटाने पुसून खालचा काळा-निळा रंग दाखवला आणि म्हणाला, "पुढच्या जुलैत इकडे या. स्वतःच्या हाताने तोडून खायचं."

तो हे मनापासून म्हणाला होता. पुढच्या जुलैत साथ आली. त्याच्या पुढच्या वेळी मैत्रेयीची शाळा बदलायची होती, मग स्वयंपाकघर फोडून नवं करायचं निघालं, मग त्याला सांभाळायला नवा प्लांट मिळाला. दर उन्हाळ्यात तो फोन घेऊन झुडपांपाशी जायचा आणि दर उन्हाळ्यात तेच म्हणायचा. अशातच एका हिवाळ्यात बाबा गेले. तो धावत गेला, तेराव्यापर्यंत राहिला आणि परत आला. त्यानंतरच्या जुलैत चौकटीत एकटी आई होती, आणि तेव्हाही त्याने फांदी उचलून दाखवली होती.

यंदा विभावरीने त्याला विचारलंच नाही. सासूला बोलवायचं म्हणजे लांबलचक जर्मन नावाचा जामीनकागद आणायचा, विमा काढायचा, व्हिसाची तारीख मिळवायची. हे सगळं तिने आपल्या नोकरीतून वेळ काढून केलं आणि तिकीट पाठवून दिलं. "तुझ्या भरवशावर राहिले असते तर आई नव्वदीत आल्या असत्या," एवढंच ती म्हणाली. त्याला ते लागलं.

बुधवारी एकादशी आली.

आईने सकाळीच साबुदाणा भिजवला होता. दुपारी विभावरीने घरूनच काम घेतलं होतं आणि चारुदत्तही दवाखान्याचं निमित्त करून लवकर आला होता. पाठीला मालीश करून घ्यायचं होतं, ते राहूनच गेलं. ताटात खिचडी होती, दही होतं, जवळच्या फाल्त्झ भागातले गोड पीच होते, केळं होतं. चारुदत्तने बागेतून वाटी भरून आणली आणि आईच्या ताटाशेजारी ठेवली. उपासाला फळ चालत नाही असं काही आई म्हणू शकणार नव्हती.

आईने पीच खाल्लं. अर्धं केळं खाल्लं. पिचाची बी चाटूनपुसून ताटाच्या कडेला ठेवली. वाटीला हात लावला नाही.

"आई," विभावरी हळूच म्हणाली, "ब्लूबेरी घेत नाही का? उपासाला चालते ना?"

"चालते की. पण झालं माझं. पोट भरलं."

"आल्झो, हे बघ, बास झालं आता," चारुदत्त म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "विष नाही घातलेलं त्यात. मी इतकी वर्षं मर-मर करून ही झाडं जगवली ती कुणासाठी? ह्या मैत्रेयीला तर दुकानातली पण चालतात! एक दाणा, आई. एक दाणा तोंडात टाकायला तुझं काय जातं?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने आपलं ताट उचललं, खिचडीची कढई उचलली आणि सिंकपाशी जाऊन घासायला लागली. घरात भांडी घासायचं मशीन आहे हे ती एरवी मिरजेला फोनवर कौतुकाने सांगत असे.

"झालं समाधान?" विभावरीने विचारलं.

त्याने खाली मान घालून ती सगळी वाटी स्वतःच संपवली. चव लागली नाही.

दोन दिवस घरात सगळे जपून बोलत होते. शुक्रवारी संध्याकाळी विभावरी आईची बॅग भरायला बसली. पलंगावर चॉकलेटांचे डबे, शेजारणींसाठी हातमोजे, मैत्रेयीने आजीला दिलेली लोकरीची टोपी असा पसारा होता. आई खाली बागेत होती. तेवढ्यात श्रीपादकाकांचा फोन आला. ते बाबांचे धाकटे भाऊ, सोमवारी पहाटे मुंबईला विमानतळावर आईला घ्यायला तेच येणार होते. चारुदत्तने फोन स्पीकरवर टाकला.

"काय चारू, वहिनींची तब्येत काय म्हणते? गोऱ्या झाल्या की नाही?"

"तब्येत चांगली आहे काका. पण खाण्याचे फार नखरे झालेत. बाग फळांनी लगडलीय आणि हिने एक फळ तोंडात घातलेलं नाही."

"कुठलं फळ?"

"ब्लूबेरी."

पलीकडे काका असे हसत सुटले की त्यांना ठसका लागला.

"अरे, मग खातील कशा त्या? सोडलीय ना त्यांनी! गयेला!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय विचारतोस? दादाचं श्राद्ध करायला गेलो नव्हतो का आम्ही? पिंडदान झालं की अक्षयवटाखाली एक फळ सोडायचं असतं, जन्मभर मग ते खायचं नाही. मी फणस सोडला. खोटं कशाला बोलू, मला फणस आवडतच नाही. सगळे असंच करतात. पण वहिनी माझ्याही वरताण! गुरुजींनी विचारलं, कोणतं फळ सोडता? तर म्हणाल्या, ब्लूबेरी. गुरुजींनी तीनदा विचारलं, तरी त्यांना ते उच्चारता येईना. परतीच्या वाटेवर आम्ही हसून हसून बेजार. डोकं बघ बाईचं! जे फळ जन्मात बघितलं नाही तेच सोडलं!"

चारुदत्तही हसला. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला वाटलं. म्हणजे आई रुसली नव्हती, त्याच्या घरावर किंवा झाडांवर तिचा राग नव्हता. हे म्हणजे देवाघरचं एक छोटंसं लबाडीचं खातं होतं आणि आता तेच तिच्या अंगाशी आलं होतं. सांगायला लाजत असणार बिचारी.

"ऐकलंस?" फोन ठेवून तो विभावरीला म्हणाला. "गेनाऊ, अगदी आपल्या आईला शोभेल असं!"

विभावरी मोज्यांची घडी घालत होती. ती हसली नाही.

"गयेला तू जाणार होतास ना?"

"हो. तेव्हा सुट्टी... म्हणजे, पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं होतं मी. काका थांबायला तयार नव्हते."

"हं," विभावरी म्हणाली आणि बॅगेची चेन ओढायला लागली. चेन बसेना तेव्हा तो मदतीला वाकला, पण तिने नको म्हणून मान हलवली.

तो खाली उतरला. ऊन अजून भिंतीवर होतं. आई जाळीच्या आत जवळजवळ कमरेपर्यंत शिरून मधल्या झुडपाची फळं काढत होती. उद्या मैत्रेयीच्या मैत्रिणी येणार होत्या, त्यांच्यासाठी केक करायचं ठरलं होतं. चारुदत्त दुसऱ्या बाजूने बसला आणि त्यानेही तोडायला सुरुवात केली.

"काकांचा फोन आला होता," तो म्हणाला.

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुझी चुगली केली त्यांनी." त्याला पुन्हा हसू आलं. "काय गं, देवालाही फसवलंस? आंबा वाचवायला ब्लूबेरी सोडलीस! आणि मला दाढ सांगत होतीस होय?"

आईचे हात थांबले.

"भावजींनी सांगितलं?"

"मग! मला आधी सांगायचं नाही का? बुधवारी मी उगाच ओरडलो तुझ्यावर. मला वाटलं, तुला इथलं काही गोडच लागत नाहीये."

"तुला काय सांगणार?" आई म्हणाली. ती पुन्हा तोडायला लागली, पण आता सावकाश. "आणि फसवलं नाही रे मी. भावजी हसले म्हणून मीही हसले. एवढं खर्चून, उन्हातान्हात तिथवर जायचं आणि देवाला फसवायचं, असं करेन का मी?"

"अगं, पण तू तर ते खाल्लंही नव्हतंस. सोडलं काय आणि धरलं काय."

"खाल्लं नव्हतं म्हणून तर."

चारुदत्तला काही कळलं नाही. तो जाळीतून तिच्याकडे बघत राहिला. जाळीमुळे तिचा चेहरा बारीक चौकटींत दिसत होता.

"आंब्याचंच नाव घेणार होते मी," आई म्हणाली. "तोंडावर आलं होतं. पण ते गुरुजी चांगले होते. म्हणाले, बाई, आवडतं ते सोडा असं सगळे सांगतात, मी म्हणतो ज्यात जीव गुंतलाय ते सोडा, म्हणजे सुटाल. मग मी बसून विचार केला. आंब्यात कुठे माझा जीव गुंतलाय? मिळाला तर खाते, नाही मिळाला तर नाही." तिने एक फळ देठापाशी निरखून पाहिलं आणि तोडायचं ठेवलं. "तू दर वर्षी दाखवायचास. मग हे लगेच बॅग काढून पुसून ठेवायचे. अर्ध्या बाह्यांचा एक स्वेटर आणला होता यांनी. म्हणायचे, युरोपात जुलैतही लागतो म्हणे संध्याकाळी. जुलै गेला की बॅग परत माळ्यावर. कुणाला काही बोलायचे नाहीत. मीही नाही. पण मार्च आला की आमचं पुन्हा सुरू, या वर्षी चारू बोलावतो की नाही."

"आई, मी..."

"अरे, ऐक तर. तुझी चूक काढत नाहीये मी. तुझी कामं मला दिसत नाहीत का? हे गेले, तरी माझं ते सुटेना. आता एकटीला तरी नेईल, असं वाटायचं. फोन आला की तू काय बोलतोयस त्यात माझं लक्षच नसायचं. यंदा ये म्हणतोस का नाही, एवढंच ऐकत बसायचे. तूही दमलेला असायचास आणि मीही दमून जायचे रे त्या फोनने. तिथे झाडाखाली बसले आणि म्हटलं, आता पुरे. नाव घेतलं, पाणी सोडलं. आणि खरंच सुटले. त्यानंतर तुझा फोन आला की बरं वाटायचं. तू झाडं दाखवायचास ती नुसती झाडं दिसायची. छान दिसायची."

वरच्या खिडकीतून मैत्रेयीच्या गाण्याचा आवाज येत होता. शेजारच्या बागेत कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. आपण इतकी वर्षं या बाईच्या तोंडावर एक फांदी हलवत राहिलो, एवढंच चारुदत्तला दिसत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मग यंदा आलीस कशी?" त्याने विचारलं.

"विभावरीने तिकीट पाठवलं. दोन दिवस मी कुणाला सांगितलंच नाही. म्हटलं, खरं आहे का बघू. चांगली पोर आहे. तिला जप."

"आणि... सोडलेलं परत घेता येत नाही का? आता तर झाड समोर आहे."

"सोडलेलं कुणी परत घेतं का, वेड्या?" आई हसून म्हणाली. "पाणी सोडून झालंय त्यावर. आणि मला आता नकोच आहे काही. इथे आले, तुम्हाला बघितलं, पोरीने माझ्या हातचं खाल्लं. भरून पावले."

ती हे समजूत घालायला म्हणत नव्हती, हे त्याला दिसत होतं. तिचा चेहरा खरोखरच निवांत होता. त्याला हवं होतं ते रागावणं, दोन शब्द सुनावणं, डोळ्यांत पाणी येणं, यातलं तिच्याकडे काहीच उरलेलं नव्हतं.

"आई, मी दिवाळीला येतो मिरजेला," तो एकदम म्हणाला. "आम्ही तिघंही येतो. पंधरा दिवस राहू. सुट्टीचं मी सोमवारीच बघतो. नक्की येतो."

"ये की," आई म्हणाली. "कधीही ये. घर तुझंच आहे."

हे बोलताना तिने वर पाहिलं नाही. हात फांदीवरून चालतच होते, पिकलेलं तेवढं काढत, कच्चं मागे ठेवत. आवाजात माया होती आणि घाई कसलीच नव्हती. हा सूर कुठे ऐकलाय ते चारुदत्तला क्षणभर आठवेना. मग आठवलं. झुडपाशी उभं राहून, फोन हातात धरून, तो स्वतः दर जुलैत असाच म्हणायचा.